स्ट्रॅपलेस गाऊन, लेहेंगा आणि नाजूक कपडे कपाटात टांगायचे कसे? (बेळगावच्या पावसाळ्यासकट)

लग्नसराई संपली की रिसेप्शनचे गाऊन, क्रॉप टॉप, लेहेंगे, नेटचे ड्रेस ड्रायक्लीन होऊन येतात आणि लाँड्रीच्या प्लॅस्टिकसकट कपाटात जातात. तुळशीचं लग्न झाल्यावर बाहेर काढावेत तर छातीची कड लोंबलेली, क्लिपचे दात उमटलेले, जर काळवंडलेली. मग दोष हँगरला दिला जातो आणि मखमली हँगरचा एक डझन घरी येतो. त्याने फारसं काही सुटत नाही. कपड्याचं वजन नेमकं कोणत्या शिवणीवर येतंय हे पाहिलं नसेल, तर महागातल्या महाग हँगरवरही तो ओघळणारच.

अंगात घातलेला स्ट्रॅपलेस गाऊन छातीच्या कडेवर टिकून राहत नाही. तो कमरेवर आणि बरगड्यांवर घट्ट बसतो, आणि आतल्या बोनिंगच्या, म्हणजे कापडात शिवलेल्या ताठ, पट्ट्या वरचा भाग उभा धरतात. कपाटात मात्र आपण तोच गाऊन छातीच्या कडेला दोन क्लिपा लावून लटकवतो. जिथे वजन कधीच नव्हतं, तिथे चार-सहा महिने अख्ख्या घेराचं वजन. बाकीच्या बहुतेक चुका याच एका चुकीच्या पोटातल्या आहेत.

क्रमही महत्त्वाचा. आधी काय टांगायचं ते ठरवणं, मग कपाट, मग कपडा वाळवणं-साफ करणं, मग हँगर, आणि शेवटी टांगणं. आपल्याकडे सुरुवात हँगरपासून होते आणि वाळवणं राहूनच जातं.

## १. टांगायचं की घडी घालून ठेवायचं, हे आधी ठरवा

सगळे कपडे पलंगावर पसरा. एकेक कपडा दोन्ही बाजूंच्या शिवणींना वरून धरा, उचला आणि दहा-पंधरा सेकंद तसाच धरून ठेवा. कड ताणली गेली, शिवणीजवळ कापड ओढल्यासारखं दिसलं किंवा घेर खाली सरकत लांब झाला, तर तो कपडा नुसत्या क्लिपवर टांगायचा नाही.

टांगू नयेत असे कपडे:

- विणलेलं आणि ताणणारं कापड: लोकरी टॉप, होजिअरीचा ट्यूब टॉप, लायक्राचा बॉडीकॉन ड्रेस. हे लांब होतात आणि पुन्हा मूळ मापावर येत नाहीत.
- मणी, खडे, जरदोसी यांनी भरलेला वरचा भाग. दोरा एकदा ढिला झाला की मणी ओळीने गळतात.
- आडव्या-तिरक्या कापाचा, म्हणजे उरेब कापलेला सॅटिनचा स्लिप ड्रेस. दोन महिन्यांत एका बाजूचा घोळ दुसऱ्यापेक्षा खाली उतरलेला दिसतो.
- भारी रेशमी साड्या. यांना घडीच बरी, आणि ती मोकळ्या हाताने घातलेली.

इरकलीबद्दल एक सांगायला हवं, कारण ती या भागात घरोघरी आहे. इरकलीचा पदर अंगाच्या सुतात फासे घालून जोडलेला असतो. हँगरच्या दांडीवर टाकायचीच असेल तर घडीची धार त्या जोडावर येऊ देऊ नका, आणि जड पदर एका बाजूला लोंबत ठेवू नका.

वजनाचा माझा ठोकताळा असा: सामान मोजायच्या हुकच्या काट्यावर कपडा पिशवीत घालून अडकवावा. दीड किलोच्या आत असेल आणि आतून हँगरला अडकवायच्या नाड्या असतील तर टांगावा. त्याहून जड असेल तर आडवा ठेवावा. नवरीचा भरगच्च लेहेंगा या हिशेबात कधीच बसत नाही, त्यामुळे त्यावर वाद घालत बसू नका.

तपासा: पलंगावर आता दोन ढीग दिसतात का? आडव्या ढिगातला एखादा कपडा “एवढा एकच टांगू” म्हणून उचललात, तर तोच आधी बिघडेल.

## २. कपाट तयार करा, तेही मृग लागायच्या आधी

जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो आणि खानापूर, जांबोटी, लोंढ्याकडे भिंतींना ओल धरायला वेळ लागत नाही. बेळगाव शहरातही जुलै-ऑगस्टमध्ये कपाट उघडलं की दमट वास येतो. अथणी-रायबागकडची गोष्ट वेगळी. तिथे पाऊस कमी, त्रास धुळीचा आणि उन्हाळ्यात तापलेल्या लोखंडी कपाटाचा. त्यामुळे खानापूरच्या बहिणीने सांगितलेला उपाय अथणीच्या बहिणीला जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही.

१. कपाट पूर्ण रिकामं करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. ओल्या फडक्याने पुसलंत तर पंखा लावून दिवसभर दारं उघडी ठेवा.

२. कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर दोन-तीन इंच पुढे ओढा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पश्चिमेच्या, नाजूक कपड्यांचं कपाट लावूच नका.

३. दांडीवरून जुना नायलॉनचा मोजा घालून हात फिरवा. मोजा जिथे अडकेल तिथे गंज, पोपडा किंवा खरखरीत वेल्डिंग आहे. ते पॉलिश पेपरने घासून घ्या.

४. दांडी मधोमध वाकली आहे का बघा. वाकलेली असेल तर सगळे हँगर घसरत मध्ये येतात आणि कपडे एकमेकांवर दबतात. नवी दांडी महाग नसते.

५. माप घ्या. आपल्याकडे ज्याला सरसकट तिजोरी म्हणतात, ते लोखंडी कपाट साधारण १९ इंच खोल असतं. त्यात १८ इंची हँगर घातला की दार लावताना टोक घासतं, म्हणून १६ किंवा १७ इंची घ्या. मग दांडीपासून तळापर्यंतची उंची मोजा. बहुतेक तिजोऱ्यांत पायघोळ गाऊन सरळ मावत नाही. त्याचं काय करायचं ते पाचव्या टप्प्यात येईल.

तळाला वर्तमानपत्र अंथरायची सवय सोडा. दमटपणात शाई सुटते आणि फिक्या सॅटिनच्या घोळाला लागते. धुतलेलं मांजरपाट अंथरा.

इशारा: ओल शोषायला कपाटात मिठाची किंवा चुन्याची वाटी ठेवू नका. मीठ पाणी धरून ओघळतं, आणि चुना रेशमाला लागला की ते रेशीम गेलं. बारीक बल्ब पेटवून ठेवायची जुनी युक्तीही नेट-जॉर्जेटच्या कपाटात आगीला आमंत्रण आहे.

## ३. कपडा तयार करा: सगळ्यात जास्त घाई इथेच होते

समारंभातून मध्यरात्री परत आल्यावर ड्रेस काढून थेट हँगरला लावला जातो. तो रात्रभर खुर्चीवर पसरलेला चालेल. कपाटात नको.

१. आधी चेन आणि हुक उघडून कपडा उलटा करा, म्हणजे अस्तर बाहेर. सावलीत, पंख्याखाली, पलंगावर स्वच्छ चादर टाकून पसरा. नाजूक रंगाला ऊन दाखवू नका. उन्हाळ्यात एक रात्र पुरते, पावसाळ्यात पूर्ण दिवस-रात्र द्या.

२. वरची कड उजेडात धरा. स्ट्रॅपलेस कपड्याची सगळी घाण याच दोन इंचांत असते: मेकअपची रेघ, पावडर, घाम, डिओ, केसांचं तेल, अत्तर. आज न दिसणारा घामाचा डाग चार महिन्यांनी पिवळा होऊन वर येतो. कापड धुण्यासारखं असेल तर सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने टिपा. घासू नका. सॅटिन आणि रेशमावर पाण्याचाही वळ उठतो, त्यामुळे ते सरळ ड्रायक्लीनला द्या आणि डाग कशाचा आहे ते तोंडी सांगा. “तेल लागलंय” आणि “सरबत सांडलंय” याला उपाय वेगवेगळे असतात.

३. कडेच्या आतून सिलिकॉनची पारदर्शक पट्टी असेल तर ती ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. त्यावर धूळ आणि तेल बसलं की तिची पकड जाते. पुढच्या कार्यक्रमात ड्रेस सारखा वर ओढावा लागतो, तो बहुधा याच कारणाने.

४. टाचण्या, सेफ्टी पिना, ब्रोच, गजऱ्याची तार, सगळं काढा. घोळात अडकलेल्या अक्षता आणि घोळाला लागलेला गोडाचा कण झटकून टाका. कसर आणि झुरळं आधी त्यावर येतात.

५. उसवलेला टाका, सैल मणी, लोंबणारा हुक आत्ताच शिवा. टांगल्यावर उसवण वजनाने वाढते.

६. मग चेन वरपर्यंत लावा आणि वरचा हुकही लावा. चेन उघडी ठेवून टांगलेला गाऊन एका बाजूला पीळ खातो.

तपासा: कपच्या आत बोट घाला. बाहेरचं कापड कोरडं झालं तरी कपचा फोम आणि बोनिंगची खोबण ओल धरून ठेवतात. हाताच्या पाठीला जरा जरी गार लागलं तरी अजून वाळलेलं नाही. बुरशीचे काळे ठिपके बहुतेक वेळा इथूनच सुरू होतात, आणि फोमवर आलेले ठिपके काही केल्या जात नाहीत.

## ४. हँगर निवडा आणि मऊ करून घ्या

लाँड्रीतून येणारे तारेचे हँगर त्याच दिवशी परत करा. पावसाळ्यात त्यांचा गंज कपड्याला लागतो आणि टोकं खांद्याला खुंटासारखी टोचतात.

काय लागेल ते थोडक्यात. नाड्यांवर टांगायच्या कपड्यांसाठी दोन्ही टोकांना खाच असलेले लाकडी किंवा जाड प्लॅस्टिकचे हँगर. लेहेंग्यासाठी पुढे-मागे सरकणाऱ्या क्लिपांचे हँगर. बारीक पट्ट्यांच्या टॉपसाठी मखमली हँगर. मखमलीची पकड चांगली असते, पण गडद रंगाच्या स्वस्त हँगरचा रंग दमट कपड्याला लागतो. घेतल्यावर ओल्या पांढऱ्या रुमालाने एकदा चोळून बघा.

खाचेच्या हँगरला गादी घरीच करता येते:

१. जुन्या धोतराची किंवा सुती साडीची दोन इंच रुंद पट्टी फाडा.

२. हँगरच्या एका टोकापासून सुरुवात करून, थोडा कापूस खाली धरत, तिरकी गुंडाळत दुसऱ्या टोकापर्यंत जा. खाचा मोकळ्या ठेवा.

३. टोकाला सुईदोऱ्याने चार टाके घाला. गोंद किंवा फेविकॉल नको.

खाच नसलेल्या हँगरच्या टोकांना रबर बँड गुंडाळायची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. आपल्या एप्रिल-मेच्या उष्म्यात रबर वितळून चिकट होतं आणि त्याचा तपकिरी डाग रेशमावरून निघत नाही. रबराऐवजी सुती पट्टीचे चार वेढे द्या.

क्लिपची परीक्षा अशी: ती वहीच्या कागदावर मिनिटभर लावा. कागदावर दात खोल उमटले तर ती क्लिप तशीच कपड्याला लावायची नाही, आत कापड घालूनच लावायची.

## ५. स्ट्रॅपलेस गाऊन आणि टॉप टांगणं

### नाड्या असतील तर

गाऊनच्या आत, काखेखालच्या शिवणीला दोन लांब फिती दिसतात. त्या बाहेर डोकावतात म्हणून पुष्कळ जणी पहिल्याच दिवशी कापून टाकतात. कापू नका, कारण सगळं वजन त्यांच्यावरच जायचं असतं. डोकावू नयेत म्हणून अस्तराला एक टिचबटण लावून घ्या आणि घालताना फीत दुमडून त्यात अडकवा.

फिती कुठे शिवलेल्या आहेत ते मात्र बघा. तयार कपड्यांत त्या बरेचदा छातीच्या कडेलाच असतात. त्या दुकानात टांगण्यापुरत्या असतात, वर्षभर वजन पेलण्यासाठी नाहीत. हलक्या टॉपला चालतील. घेरदार गाऊनला कमरेपासून नाड्या हव्यात.

### नाड्या नसतील तर शिवून घ्या

पंधरा-वीस मिनिटांचं काम. बेळगावात, शहापूरचा असो की गावातला, खडेबाजारात शिवणाच्या सामानाच्या दुकानात सुती टेप मिळते. पाऊण ते एक सेंटिमीटर रुंद घ्या. सॅटिनची रिबन खाचेतून घसरते आणि इलॅस्टिक वजनाने ताणतं, दोन्ही नकोत.

१. गाऊन उलटा करा. बाजूच्या शिवणीवर कमरेपासून छातीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. समजा ते २० सेंटिमीटर भरलं.

२. कड हँगरच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली राहायला हवी. म्हणजे दुमडलेल्या नाडीची उंची २२ ते २३ सेंटिमीटर.

३. एका बाजूला लागणारी टेप याच्या दुप्पट, अधिक शिवणीत जाणारे तीन सेंटिमीटर. म्हणजे ४७ ते ४९ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना मिळून मीटरभर टेप पुरते.

४. टेप दुमडा आणि दोन्ही टोकं कमरेच्या व बाजूच्या शिवणीचं जिथे मिळणं आहे, तिथे आतल्या दाबावर, म्हणजे शिवणीच्या आत राहिलेल्या जादा कापडावर, ठेवा. दुहेरी दोऱ्याने उलटी टीप घालत आठ-दहा टाके द्या. सुई बाहेरच्या कापडातून जाता कामा नये.

५. नुसत्या अस्तराला कधीही शिवू नका. अस्तर विरलेलं असतं किंवा सैल असतं, आणि वजनाने ते फाटत जातं.

६. दुसरी बाजू शिवण्याआधी पहिल्या नाडीला लावून मापा. अर्ध्या सेंटिमीटरचा फरकही हँगरवर दिसतो.

कमरेला आडवी शिवणच नसेल, म्हणजे वरून खालपर्यंत उभे कळे (कापडाचे लांब तुकडे) असतील, तर बाजूच्या शिवणीच्या दाबावर कमरेच्या उंचीला शिवा. स्वतः शिवायचं नसेल तर टेलरला नेमकं सांगा: “कमरेच्या शिवणीत आतून दोन नाड्या लावा, अस्तराला नको, आणि कडेच्या वर दोन बोटं येऊ द्या.” नुसतं “टांगायला नाडी लावा” म्हणालात तर ती छातीलाच लागून येईल.

### टांगताना

१. हँगर आधी दांडीला अडकवा आणि मग गाऊन वर न्या. हातात हँगर धरून गाऊन चढवताना नेट हमखास अडकतं.

२. दोन्ही नाड्या खाचांत घाला.

३. कपच्या आत मलमलीचा सैल बोळा ठेवा. दाबून भरू नका, कप पिचकणार नाही एवढंच.

४. वरचा भाग पुढे कलंडत असेल तर बाजूच्या शिवणीवर दोन क्लिपा लावा, आत मांजरपाटाची चार पदरी घडी घालून. या क्लिपांवर वजन नसतं, त्या फक्त कड सरळ धरतात. सिलिकॉनच्या पट्टीवर, मण्यांवर आणि छातीच्या मधोमध क्लिप लावायची नाही.

तपासा: छातीची कड दोन बोटांनी वर उचला. ती सहज, सैलपणे वर आली तर वजन कमरेच्या नाड्यांवर आहे. ताठ लागली तर नाड्या लांब झाल्या आहेत, आखूड करा. ही तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा करा, कारण पहिल्या रात्री टेप थोडी बसते.

### गाऊन कपाटापेक्षा लांब असेल तर

घोळ तळाशी गोळा होऊ देऊ नका. शेजारी दुसरा जाड दांडीचा हँगर लावा, दांडीवर टॉवेल गुंडाळा आणि घेराचा खालचा अर्धा भाग उचलून त्यावर टाका. घेराचं निम्मं वजन तिथे जातं, म्हणजे नाड्यांनाही आराम. दर दोन-तीन महिन्यांनी मोड हातभर वर-खाली सरकवा.

### नाड्याही नाहीत आणि शिवायच्याही नाहीत

भाड्याचा किंवा मैत्रिणीचा गाऊन असेल तर कमरेत दुमडून जाड दांडीवर टाका, दोन्ही बाजूंचं वजन बरोबर येईल असा. आठवडाभर चालेल. छोटा स्ट्रॅपलेस टॉप असेल तर एवढा खटाटोप कशाला? कप एकात एक न घालता, बोळा घालून, खणात सपाट ठेवा.

## ६. बारीक पट्टे, हॉल्टर, एक खांदा, ऑफ-शोल्डर

बारीक पट्ट्यांचा टॉप हलका असेल तर खाचेत पट्टा घाला, झालं. पट्ट्याला सरकणारी कडी असेल तर टांगण्याआधी पट्टे आखूड करून घ्या. लांब ठेवले तर काख ओघळते.

हॉल्टरची गळ्यातली नाडी हँगरच्या आकड्याला बांधून पाठ मोकळी सोडली, की सगळं वजन समोरच्या दोन टोकांवर येतं आणि गळा लांबतो. कमरेच्या बाजूला दोन नाड्या शिवा आणि गळ्याची गाठ आकड्याभोवती सैलच ठेवा.

एका खांद्याच्या ड्रेसला मोकळ्या बाजूला एकच नाडी पुरते. तिची उंची अशी ठेवा की खांदा आणि नाडी दोन्ही एका रेषेत येतील.

ऑफ-शोल्डर ब्लाउज आणि ड्रेस मात्र फसवे. त्यांची इलॅस्टिकची कड हँगरवर छान बसल्यासारखी दिसते, पण ती सतत ताणलेली राहते आणि दोन पावसाळ्यांत ढिली पडते. टांगायचं असेल तर कमरेच्या नाड्यांवर, नाहीतर घडी.

## ७. लेहेंगा

लेहेंग्याच्या नाड्याने त्याला आकड्याला लटकवणं ही घराघरातली पद्धत आहे. नाडा एका टोकाला गोळा होतो, पट्टी दुमडते आणि सगळा घेर एका बाजूला झुकतो.

हलका लेहेंगा उलटा करा, म्हणजे काम आत आणि अस्तर बाहेर. कमरेची पट्टी सरळ पसरवून क्लिपांच्या हँगरवर चार जागी धरा. दोनच क्लिपा असतील तर दोन हँगर शेजारी लावा. पट्टी ताणून धरू नका, ती जेवढी आहे तेवढीच राहू द्या. आतल्या कॅनकॅनची ताठ जाळी भरतकामाला घासते, म्हणून दोघांच्या मध्ये मलमल घाला. कॅनकॅन वेगळा निघत असेल तर वेगळाच ठेवा.

भारी लेहेंगा बॉक्स पलंगात किंवा मोठ्या पेटीत आडवा. प्रत्येक मोडीत जुन्या सुती ओढणीची जाड गुंडाळी घाला, म्हणजे धार पडत नाही. त्याच्यावर दुसरं काही ठेवू नका. गाद्या तर नाहीच.

## ८. कापडानुसार चार सूचना

मखमल घडी घातली की तिची लव मोडते, त्यामुळे ती टांगावी. क्लिप मात्र फक्त आतल्या दाबावर. नेटला आकड्याची टोकं आणि शेजारच्या ड्रेसची चेन, दोघांचीही भीती असते, म्हणून तिला नेहमी कव्हर. ऑर्गन्झाच्या मोडी इस्त्रीनेही पूर्ण जात नाहीत, म्हणून तो चेपला जाईल अशा जागी नको. शिफॉन आणि जॉर्जेट टांगायला सोपे, फक्त घोळाला मणी असतील तर ते खाली ओढतात.

गुळेदगुड्डच्या खणाचे जुने ब्लाउज पट्ट्यांचे, बिनबाह्यांचे असे नव्याने शिवून घेतले असतील तर त्यांच्या खांद्यात आतून मलमलीची पट्टी लावून घ्या. जुनं रेशीम हँगरच्या टोकावर आधी विरतं.

## ९. कव्हर, ओळ आणि गोळ्या

लाँड्रीचं प्लॅस्टिक घरी पोचल्याबरोबर काढा. ते फक्त रस्त्यापुरतं असतं. आत कोंडलेला दमटपणा आणि ड्रायक्लीनचा वास बाहेर पडायला कपडा काही तास मोकळा ठेवा. मग मांजरपाटाचं किंवा जुन्या सुती साडीचं कव्हर घाला. मांजरपाट आधी धुवून घ्या, नव्याला खळ असते आणि खळीला कसर लागते. वरच्या शिवणीत आकड्यापुरतं भोक आणि खालून उघडं. बाहेरून कापडाच्या तुकड्यावर कपड्याचं नाव लिहून टाचा, म्हणजे एका ड्रेससाठी पाच कव्हरं उचकटावी लागत नाहीत.

जड कपडे दांडीच्या दोन्ही टोकांना, हलके मध्ये. दोन हँगरच्या मधून उभा तळहात सहज जायला हवा. जागा पुरत नसेल तर रोजचे कुर्ते बाहेर काढा. या कपड्यांना दाटीवाटी सोसत नाही.

डांबराच्या गोळ्या वापरायच्या तर मलमलीच्या पुरचुंडीत बांधून वरच्या फळीवर ठेवा, कारण त्यांचा वास खाली उतरतो. कपड्याला, जरीला आणि प्लॅस्टिकच्या टिकल्यांना त्या लागू देऊ नका.

इशारा: डांबराच्या गोळ्या आणि कापूर एकाच कपाटात नकोत. दोन्ही एकत्र आले की पाझरून ओले होतात आणि त्यांचा डाग पडतो. वेखंडाचे तुकडे किंवा पूर्ण वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत ठेवायला हरकत नाही. अर्धवट वाळलेला पाला मात्र स्वतःच बुरशी आणतो.

सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या असतील तर त्या ओल पिऊन भरल्या की निकामी होतात. गेल्या वर्षीच्या पुड्यांवर विसंबू नका.

## १०. पावसाळ्यातली फेरी आणि कपडा बाहेर काढणं

जून ते सप्टेंबर, पंधरवड्यातून एकदा, पावसाने उघडीप दिलेल्या दुपारी दारं उघडा आणि तासभर पंखा लावा. बाहेर धुकं किंवा झिमझिम असेल त्या दिवशी कपाट उघडून काही मिळत नाही, उलट ओल आत येते. गणपतीत घर आवरताना प्रत्येक कव्हर खालून उचलून कप, काख आणि घोळ हाताने चाचपा. ऑक्टोबरचं कोरडं ऊन पडलं की सगळे कपडे एक दिवस सावलीत काढा, आडव्या कपड्यांच्या मोडी बदला.

बुरशीचा वास आला तर तो कपडा लगेच वेगळा करा आणि अंगणात, बाकी कपड्यांपासून दूर, कोरड्या मऊ ब्रशने झटका. वर अत्तर मारू नका.

घालायच्या आदल्या दिवशी कपडा काढून मोकळ्या खोलीत टांगा. बहुतेक चुण्या रात्रीत सुटतात. उरलेल्यांना अस्तराच्या बाजूने वाफ द्या, वाफेचं तोंड वीतभर लांब ठेवून. सॅटिनवर थेंब पडू देऊ नका. टिकल्यांवर इस्त्री फिरवलीत तर त्या वाकड्या होतील. कपमधला बोळा काढा, सिलिकॉनची पट्टी एकदा पुसा, ड्रेस घाला, आणि निघण्याआधी आरशात पाठ करून बघा: नाड्या आत दुमडून टिचबटण लागलंय ना?